हिरव्या झाकणाची बरणी

रविवार, १९ जुलै २००९. सकाळी अकरा वाजता निफाडच्या डॉ. गुळव्यांनी आपल्या दवाखान्यातला लॅपटॉप लावला आणि पडद्यावर मुंबईचे जनावरांच्या कॅन्सरचे डॉक्टर दिसले. उज्वला आपल्या कुत्रीला, चिंगीला, मांडीवर घेऊन कॅमेऱ्यासमोर बसली होती. मार्चमध्ये गुळव्यांनी कुत्रीच्या पोटावरची गाठ काढली होती. तिथेच आता दुसरी उठली होती.

"पहिली गाठ तपासायला पाठवली होती?" मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं.

"पाठवली होती ना सर. साधीच निघाली," बाजूला उभे असलेले गुळवे म्हणाले.

"रिपोर्ट दाखवा."

"फाईल घरी राहिली, सर. ताई, तिला जरा घट्ट धरा."

उज्वलाने मान वर केली. पडद्याच्या कोपऱ्यात ती स्वतः दिसत होती आणि तिच्या पाठीमागची फळीही. फळीवर हिरव्या झाकणाची बरणी होती. मार्चमध्ये गाठ तपासायला पाठवण्यासाठी दवाखान्यात बाटली नव्हती, म्हणून तिनेच घरची लोणच्याची बरणी धुऊन आणून दिली होती.

चिंगीला खाली ठेवून ती उठली. बरणीतल्या औषधात गाठ तशीच होती. तिने बरणी कॅमेऱ्यासमोर धरली.

"हा बघा सर, रिपोर्ट." मग ती गुळव्यांकडे वळली. "चार महिने लोणचं घातलं ना तुम्ही हिचं?"

सोमवारी उज्वलाने ती बरणी स्वतः मुंबईला नेऊन दिली. आज शुक्रवार. रिपोर्ट अजून आलेला नाही. नवी गाठ लिंबाएवढी झाली आहे.