फुकटचे ग्राहक

निनादच्या ऑफिसच्या भिंतीवर दोन लाख चेहरे खूश होऊन हसत होते. नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या योजनेने सर्व्हरबरोबर त्याचं अ‍ॅप वापरून बघणारे हे संगणकाने घडवलेले ग्राहकही त्याला वर्षभर फुकट दिले होते. ते वर्ष आज संपत होतं.

कपाळाला पट्टी बांधलेली सिंधूआत्या दारातूनच कडाडली, "मेल्या, तुझ्या अ‍ॅपने काल मला गोळीची आठवणच करून दिली नाही. चक्कर येऊन पडले मी!"

"आत्या, या दोन लाखांची एक तक्रार नाही. तुझंच काहीतरी चुकलं असणार."

"यांना कधी चक्कर येते का रे?"

निनादने हसून तिची तक्रार 'अपवाद' म्हणून बाजूला टाकली. आत्याला त्याची कीवही आली नाही. भातुकलीतल्या बाहुल्या जेवून तृप्त झाल्या म्हणून कुणी खानावळ काढावी, तशातली गत!

तेवढ्यात योजनेची मुदत संपली. चेहरे भराभर विझले आणि काळ्या भिंतीच्या कोपऱ्यात खऱ्या ग्राहकाचा एकच चेहरा उरला, आत्याचा.

निनादने लगबगीने खुर्ची पुढे केली. "आत्या, बस ना. काय म्हणत होतीस?"

"काही नाही. मी अपवाद आहे."

तिने त्याच्यादेखत फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं, आणि भिंतीवरचा तो शेवटचा चेहराही विझला.