इको-फ्रेंडली भूत

"हॅलोविनला प्लॅस्टिकचे ड्रेस विकत आणू नका, घरातलंच जुनं काहीतरी वापरा," असा शाळेचा मेसेज आला. दर्शनाने कपाटाच्या तळातून पाच वर्षं घडीही न मोडलेली पांढरी चादर ओढली, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली आणि लेकाचं, निहारचं, भूत केलं. पण आखातातल्या खलिफा सिटीमधल्या त्यांच्या अख्ख्या कंपाउंडमध्ये त्या भुताला कुणी घाबरेना.

घरात पाऊल टाकतात तोच चिपळूणहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

"आजी, लुक! आय ॲम अ घोस्ट!"

सासूबाईंची नजर चादरीच्या काठाला स्वतः विणून लावलेल्या क्रोशाच्या लेसवर खिळली. "दर्शना, ही मी दिलेली चादर ना गं? फक्त सणालाच काढते म्हणाली होतीस!"

दर्शनाला एसीत घाम फुटला.

"हो ना आई! आज इकडे केवढा मोठा सण आहे!"