वाफ्यातला अळू

पहिली बाटली काळी निघाली आणि सगळे खूश झाले.

ती रस्त्याकडेच्या नाल्यातून भरली होती. दिल्लीच्या द्वारकेत नव्या सोसायट्या उठल्या, हप्त्यांवर नव्या गाड्या आल्या आणि त्या गाड्यांच्या टायरांची झीज बाहेरच्या सहापदरी रस्त्यावर साचत राहिली. तिला वास नाही, आवाज नाही, त्यामुळे तिची तक्रारही कुणी करत नाही. पावसात मात्र ती काजळीसारखी वाहून येते. हेच पाणी सोसायटीला जमिनीत मुरवायचं होतं आणि तेच पुढे बोअरमधून घरोघर चढणार होतं.

म्हणून दिनकरराव साठ्यांनी मध्ये वाफा घातला होता. केंद्र सरकारच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस, घरी स्वस्थ बसेल तर शपथ. खाली खडी, वर वाळू आणि माती, त्यात कर्दळ, वाळा आणि अळू. सेक्रेटरी बत्राजींना त्या जागी पार्किंग हवं होतं. तीन वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये ते वाफ्याला ‘साठेजी का जंगल’ म्हणत आले होते. आज तपासणीला सरकारी मॅडम आल्या होत्या. वाफ्यातून गाळलेलं पाणी नितळ निघालं तर वाफा राहणार, शेजारच्या सोसायट्यांतही तसेच होणार. नाहीतर सोमवारी डांबर. दिनकरराव सकाळपासून चहासुद्धा प्यायले नव्हते.

मॅडमनी काळी बाटली उन्हात धरली. “तो फिर ये सब जाता कहाँ है?”

दिनकरराव याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी शुद्ध सरकारी हिंदीत समजावून सांगितलं. रबराची भुकटी वाळूत अडकते. तिच्यातून पाण्यात उतरलेलं जस्त आणि बाकीचं विष मुळं ओढून घेतात आणि पानांत साठवतात. पानं जितकी तरारतील तितकं पाणी स्वच्छ. कल्पना आपली नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. बायकोच्या माहेरी, वाईला, मोरीचं पाणी परसात सोडलेलं असे आणि त्यावर अळू माजलेला असे. तो बघूनच त्यांना हे सुचलं होतं.

तेवढ्यात सुहासिनीबाई ताट घेऊन आल्या. मागून सून संपदा आली, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत. ताटात अळूवड्या होत्या, खरपूस तळलेल्या, वर तीळ. निकाल अजून लागायचा होता, पण नवरा जिंकणार हे बाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं. मॅडम ड्यूटीवर काही खात नसत. बत्राजींना असलं बंधन नव्हतं.

“अळू कुठे मिळाला गं?” दिनकररावांनी सहज विचारलं. इथल्या मंडईत अरबीचे कंद मिळत, पण काळ्या देठाची पानं मागितली की भाजीवाला वेड्यात काढी.

“मिळायला कशाला हवा? तुमच्याच वाफ्यातला,” सुहासिनीबाई कौतुकाने म्हणाल्या. “गौरीच्या जेवणालाही हाच होता की. आणि संपदाला तर डोहाळेच अळूचे. पावसाळाभर दिवसाआड भाजी करतेय तिला.”

संपदा लाजून हसली. दिनकरराव हसले नाहीत. वाईच्या मोरीतून तांदळाचं धुवण वाहायचं आणि भांड्यांची राख, इथे टायरांचं विष. हा फरक त्यांनी बत्राजींना सांगितला होता, कमिटीला सांगितला होता, अर्ज घेऊन ज्या ज्या ऑफिसात गेले तिथे तिथे सांगितला होता. घरी मात्र एवढंच म्हणाले होते, की तुझ्या माहेरच्या परसासारखंच आहे बघ. तिने ते खरं मानलं. नवऱ्याचं ऐकलं, यापलीकडे तिची काही चूक नव्हती.

त्यांनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. बत्राजींचा तिसऱ्या वडीकडे गेलेला हात तसाच राहिला. दिनकररावांना एकट्याला सगळं खायचंय, असं वाटून कुणीतरी हसलंसुद्धा.

मॅडम तोवर वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला वाकल्या होत्या. दुसरी बाटली भरली, बाहेरून पुसली आणि उन्हात उंच धरली. पाणी नितळ होतं. बाटलीच्या आरपार बत्राजींच्या शर्टाची बटणं दिसत होती. आधी मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. बत्राजी दिलदार माणूस. त्यांनी दिनकररावांच्या पाठीवर थाप मारली आणि जंगल जिंकलं म्हणाले. सुहासिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. संपदाही टाळ्या वाजवत होती.

दिनकररावांनी ताट एका हातात धरून दुसऱ्या हाताने बाटली मागून घेतली. डोळ्यांजवळ नेली. कलती केली, हलवली, पुन्हा उन्हात धरली. तीन वर्षं ज्या पाण्यासाठी ते भांडले ते आज हातात होतं, आणि त्यात एखादा तरी काळा कण सापडावा म्हणून ते देवाचा धावा करत होते.