दोन पत्रं, एकच समीकरण

मॅडमनी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. क्लास त्यांचा, आणि गणिताचे सर तिथे चौदा वर्षं शिकवत होते. सराव परीक्षेचा पेपर सरांनीच आधी फोडला, असं दोन मुलींनी लिहून दिलं होतं. सरांची नोकरी राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं.

सरांनी पेपर फोडला नव्हता. त्यांच्या लेखी हे इतकं उघड होतं, की बोलून दाखवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पत्रं वाचताच त्यांच्या अंगात मास्तर संचारला. मुलं त्यांना पाठीमागे 'अपुरेसर' म्हणत, ते काही उगाच नाही. स्पर्धा परीक्षांच्या गणितात एक प्रकार असतो, प्रश्नाखाली दोन विधानं देतात. उत्तर काढत बसायचं नसतं, ते काढायला तेवढी माहिती पुरेशी आहे की अपुरी, इतकंच सांगायचं. उभा जन्म त्यांनी हेच शिकवलं होतं. कागद पुढे ओढून त्यांनी लिहिलं, क्ष + य = १०. त्याखाली, २क्ष + २य = २०.

"दिसायला दोन समीकरणं. पण दुसरं म्हणजे पहिल्याचीच दुप्पट, त्यावरून क्ष काही निघत नाही. ही पत्रंही तशीच आहेत, मॅडम. दुसरीनं पहिलीचंच ऐकून लिहिलंय."

मॅडमना ते पटलं. त्यांनी उठून दार लोटलं. इतक्या वर्षांचा माणूस घालवायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं.

"मग तुम्हीच सांगा, सर. पेपर तुम्ही फोडलात?"

"एवढ्या माहितीवरून ठरवता येणार नाही," सर म्हणाले. वर समाधानानं पेनाचं टोपणही लावलं.

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका.

सर भर दुपारी घरी आले. बायको इस्त्री करत होती. त्यांनी तिला सगळं अथपासून इतिपर्यंत ऐकवलं, समीकरणांसकट. शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण त्या बाईला कळलं नाही, म्हणून चडफडले. बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली.

"पण मी फोडला नाही, असं सांगितलंत ना?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. इतकं साधं वाक्य, आणि ते त्यांना सुचलंच नव्हतं.

बायको अजून त्यांच्याकडेच बघत होती.

"मलाही अजून सांगितलं नाहीत," ती म्हणाली.