भट्टीतली शेवटची वडी

बासष्ट साली सहदेव मुंबईच्या कारखान्यातली नोकरी सोडून मालवणला परतला. चिनीमाती आणि लोखंडाची भुकटी एकत्र घोटायची, तिच्या वड्या न वितळवता भट्टीत भाजायच्या आणि जांभ्याचे चिरे कापायला कधी बोथट न होणारं पातं करायचं, हा त्याचा हट्ट. पण दर वेळी वडी तडकायची, वर काचेसारखा थर चढायचा. भुकटी, कोळसा, मेला खारा वारा, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. आज उरल्यासुरल्या भुकटीची शेवटची वडी भट्टीत होती आणि तो डोकं धरून बसला होता.

आई त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "धीर सोडू नको रे झिला. दर खेपेक भट्टीची दिष्ट काढून मीठ आतच टाकतंय. आज तर दोन मुठी टाकलंय!"