मरून थेंब

"स्टेजवरून पडलं आणि मुकंच झालं," गिटारच्या सुरांना लहर देणारं पेडल तिच्या दुरुस्तीच्या काउंटरवर ठेवत निशांत म्हणाला. "फक्त चालू करून दे, ऋजू. आवाज मात्र आहे तसाच राहू दे. तसा दुसरीकडं कुठं मिळत नाही."

ऋजुताचं काळीज सुपाएवढं झालं. तो आवाज तिनंच लावून दिला होता, दोघं एकत्र राहत असताना. पेडलच्या पोटातला इवलासा स्क्रू ती हळूच फिरवायची आणि तो तार छेडून म्हणायचा, "अजून जरा." मनासारखी लहर उठली, तेव्हा स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून तिनं त्यावर आपल्या मरून नेलपॉलिशचा थेंब सोडला होता. तिला सोडून गेला, तरी ती लहर त्यानं जपली होती तर.

आत जाऊन तिनं झाकण उघडलं. बॅटरीची वायर तुटली होती, ती सोल्डर करून जोडली. मग नजर स्क्रूवर गेली. मरून रंग कुणीतरी खरवडून काढला होता. त्या जागी फिकट निळ्या नेलपॉलिशचा थेंब होता, पडल्यामुळे तडा गेलेला.

तिनं गिटार जोडून तार छेडली. लहर आता संथ होती, लांबवर जाणारी. तिच्या लहरीपेक्षा देखणी.

स्क्रूड्रायव्हर हातातच होता. अर्धा फेरा पुरला असता.

तिनं तो खाली ठेवला, ड्रॉवरमधून मरून बाटली काढली आणि दुसरीनं लावलेला आवाज हलू नये म्हणून त्या निळ्या तड्यावर एक थेंब सोडला.