उंबऱ्याबाहेरच्या बैठका

"साहेब, या शाळेतलं एकेक पोर म्हणजे भीमसेन आहे!" गणपतराव मास्तरांनी छाती काढून दिपोटीसाहेबांना सांगितलं. पहिल्या रांगेतला भीमसेन साहेबांच्या मिशा बघून लगेच रडायला लागला.

साहेब हातकणंगल्याला आगगाडीतनं उतरून बैलगाडीनं शाळा तपासायला आले होते. खडबडीत रस्त्यानं त्यांची कंबर धरली होती, म्हणून खुर्चीवरनं न हलता त्यांनी हुकूम वाचला. करवीर राज्यात शाळा सक्तीची झालीच होती; आता पोरांना व्यायामही पाहिजे. त्यात साहेबांनी पदरची एक अट घातली होती. निदान एका तरी विद्यार्थ्यानं एका दमात पन्नास बैठका मारून दाखवाव्यात. जिथं असा एकही निघणार नाही, तिथला मास्तर गगनबावड्याला.

गगनबावड्याच्या पावसाबद्दल मास्तर ऐकून होते. तिथं म्हणे पाटीवर शेवाळ चढतं. आणि मास्तरांनी आत्ता काढून दाखवलेल्या छातीत मुळात दमा होता.

"पोरांनो," ते ओरडले, "बैठका मारा!"

चाळीस पोरांचे ऐंशी हात एकदम कानांवर गेले.

पोरांची त्यात काही चूक नव्हती. खाली बसून वर उठायची त्या शाळेत एकच रीत होती, आणि ती कान धरून होती.

"मास्तर, पर आमी काय केलंय?" मागनं केरबानं विचारलं.

"शिक्षा नव्हे रे, व्यायाम! कान सोडा."

कान सोडल्यावर पोरांना पुढचं काही सुचेना. जी खाली बसली ती बसलीच. तेवढ्यात केरबाची आई चिमणाबाई शेणाची पाटी घेऊन चालली होती, ती पोरांचे मघाचे धरलेले कान बघून खिडकीशी थांबली.

"आख्खी साळा कान धरून हुबी? काय चोरलं वो समद्यांनी मिळून? माज्या पोराला सजा देनार असशीला तर आदी गुना सांगा की!"

तिच्या आवाजानं गल्ली गोळा झाली. आईचा आवाज ऐकून केरबा मटकन खाली बसला. त्याच्या मागनं उरलेला सगळा वर्ग.

साहेबांनी टाक शाईत बुडवला. 'गगन' एवढं लिहून झालं होतं, तेव्हा हुसेनबी आली.

लालासाब पिंजाऱ्याची ही नऊ वर्षांची पोर रोज उशिरा यायची. का, ते मास्तरांनी दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. शिक्षा सांगायला कारण लागत नाही. उशिरा येईल त्यानं मास्तर 'पुरे' म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उठाबशा काढायच्या, हा शाळेचा कायदा. मास्तर विसावर पुरे म्हणत. कधी गणिताच्या नादात विसरत. हुसेनबीच्या वेळी बहुतेक विसरत.

परकराचा काठ ओला, डोक्यावरची घागरीची चुंबळ काढायची राहिलेली. आत कोण बसलंय, बाहेर गर्दी कसली, तिनं काही पाहिलं नाही. उंबऱ्याबाहेर थांबली, कान धरले आणि रोजच्यासारखी सुरू झाली.

विसावर मास्तरांनी सवयीनं तोंड उघडलं. साहेबांचा टाक हवेत थांबलेला त्यांना दिसला. तोंड मिटलं.

"तीस!" गर्दीतनं पिराजी ओरडला. म्हातारा एके काळी तालमीत घुमलेला. मोजल्याशिवाय त्याला राहवेना. "बैठक बगा की पोरीची! पाट कशी सरळ हाय!"

पन्नासाला साहेब कंबर विसरून उभे राहिले. शंभराला गल्ली एका आवाजात मोजत होती. चुंबळ जागची हलली नव्हती. चिमणाबाईनं शेणाची पाटी खाली ठेवली आणि ज्याला त्याला सांगत सुटली, "आमच्याच गल्लीतली हाय ती!" पोरं दारात येऊन बघायला लागली. बघता बघता केरबानं एक बैठक मारली. कान न धरता. मग शेजारच्यानं. मग चाळीसच्या चाळीस पोरं खाली-वर व्हायला लागली, आणि शाळा भरायची त्या चावडीच्या जुन्या फळ्या करकरल्या.

दीडशेला पिराजीनं आपला फेटा काढून हवेत भिरकावला. तो कौलांवर अडकला. कुणीतरी हलगी आणायला पळालं.

"मास्तर, ही तयारी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझीच, साहेब." मास्तर प्रामाणिक माणूस. "दोन वर्षं. एक दिवस खाडा नाही."

"आणि कान का धरलेत?"

मास्तरांनी जरा धाप टाकली. "श्वास आत कोंडतो, साहेब."

"वा!" साहेबांनी 'गगन' खोडलं आणि त्याच्यावर झोकात लिहिलं: कर्णधारण पद्धत अतिउत्तम. तालुक्यातील सर्व शाळांनी ती सत्वर उचलावी.

मग ते स्वतः उंबऱ्यापाशी गेले.

"बाळ, काय पाहिजे ते माग. मी देतो. लाजू नकोस."

"म्हस माग, म्हस!" चिमणाबाई कुजबुजली. ते पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेलं.

हुसेनबी एकशेचौऱ्याहत्तराव्या बैठकीतनं वर आली. कान तिनं सोडले नव्हते. साहेबांच्या कडेनं मान वाकडी करून तिनं मास्तरांकडं पाहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "आता आत यिऊ?"